बनावटीचा बाजार आणि जाणत्यांचे मौन

ज्या वस्तूंना जगाने एके काळी पोरांची खेळणी म्हणून हिणवले, त्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिज आज एका नव्या कलेचे मूळ दस्तऐवज ठरल्या आहेत. १९८३ साली जपानात निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम हा गेमसंच आला, १९८९ साली गेम बॉय आला, आणि संगीतकार, चित्रकार व अभियंते यांनी तुटपुंज्या मेमरीशी झुंजून उभी केलेली अद्भुत सृष्टी तळहातावर मावणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत बंदिस्त झाली. या दस्तऐवजाची आज जगभर राजरोस बनावट नक्कल होते, ती अस्सल म्हणून खपवली जाते; आणि ज्यांनी ओरड करायची ते संग्राहक, ज्यांनी आळा घालायचा ते ऑनलाइन बाजार, ज्यांनी सन्मार्ग खुला ठेवायचा त्या कंपन्या, सारेच हाताची घडी घालून उभे आहेत. ही चोरी सर्वांच्या साक्षीने चालली आहे.

गेम बॉय ॲडव्हान्सवरील ‘पोकेमॉन एमराल्ड’चेच पाहा. २००४ साली जपानात आणि पुढल्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या या खेळाच्या अस्सल कार्ट्रिजमध्ये खेळाडूची प्रगती फ्लॅश मेमरीत नोंदली जाते आणि आतील बॅटरी केवळ घड्याळ चालवते. म्हणून बॅटरी संपली तरी जपून ठेवलेला खेळ शाबूत राहतो. नकलेत पुष्कळदा घड्याळच नसते, आणि कोरी म्हणून घेतलेली कार्ट्रिज पहिल्याच दिवशी बॅटरी संपल्याचा संदेश पडद्यावर दाखवते. कित्येक नकलांत तर प्रगतीची नोंदच हलक्या बॅटरीच्या भरवशावर असते. ती संपली की महिनोन्‌महिन्यांचा खेळ नाहीसा होतो. अस्सल लेबलवर तिरक्या उजेडात दिसणारा दाबून उमटवलेला आकडा, संपर्कपट्ट्यांच्या वर बोर्डावर छापलेले निन्टेंडोचे नाव, या खुणा जाणकाराला क्षणात कळतात. मग ज्याच्या हातून रोज अशा कार्ट्रिज जातात, त्या विक्रेत्याला त्या ठाऊक नाहीत, हे कोणी मानावे? तो जाणूनबुजून फसवतो.

आणि हानी केवळ खिशाची नाही. फॅमिकॉम, सुपर निन्टेंडो, मूळ गेम बॉय ही यंत्रे पाच व्होल्टवर चालतात, त्यांत ३.३ व्होल्टची स्वस्त चिप, दाब जुळवणाऱ्या सर्किटाविना, चार पैसे वाचवण्यासाठी बसवली जाते आणि चिपवर व यंत्रावर नको तो ताण येतो. पूर्वी तर मागणी नसलेल्या अस्सल कार्ट्रिज फोडून, त्यांतील मूळ चिप उपटून, त्याच बोर्डांवर महागड्या खेळांच्या नकला बसवण्याचा उद्योग सर्रास चालला. एका खेळाची खोटी प्रत घडवण्यासाठी दुसऱ्याची खरी प्रत मारली गेली! ‘मदर ३’ हा खेळ २००६ साली केवळ जपानात निघाला. पुढे २००८ साली चाहत्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर अपार कष्टाने पुरे करून लोकांना विनामूल्य दिले. बनावटवाल्यांनी तेही कार्ट्रिजमध्ये भरून विकायला काढले. निःस्वार्थ श्रमाचा याहून मोठा अपमान कोणता?

यावर कंपन्या मालकी हक्काची ग्वाही देतात. पण हक्काबरोबर येणाऱ्या कर्तव्याचे काय? निन्टेंडोने वी यंत्राचे ऑनलाइन दुकान २०१९ साली बंद केले, थ्रीडीएस आणि वी यू यांची दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली, आणि तेथे रीतसर मिळणाऱ्या असंख्य जुन्या खेळांच्या विक्रीवर पडदा टाकला. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या अभ्यासाने दाखवले, की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ तेव्हा रीतसर विकतच मिळत नव्हते. सरळ मार्गाने विकत घेऊ इच्छिणाऱ्याला जो पाठमोरा होतो, तो बनावटीच्या बाजाराला गिऱ्हाईक पुरवतो.

आपल्याकडेही या पापाचे समर्थक आहेत. नव्वदच्या दशकात ‘कॅसेट’ म्हणून जे मिळे ते सारे नकलीच होते, त्यावरच आम्ही मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलो, मग आता हा सोवळेपणा कशाला, असे ते विचारतात. त्या कॅसेट बेकायदा होत्या, हे खरेच. पण एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळांचा दावा करणारी ती वस्तू कोणी मूळ दुर्मिळ प्रत म्हणून जपानी वा अमेरिकी संग्राहकाच्या भावाने विकत नव्हते. ज्या मुलांना तेव्हा अस्सल कार्ट्रिज दृष्टीसही पडली नाही, ती आज मिळवती झाली आहेत, मुंबई-पुण्यात बसून परदेशातून ती मागवतात, सीमाशुल्क भरतात, आणि पाकिटातून पुन्हा नक्कलच निघते. हा अन्याय त्यांनी का सोसावा?

प्रामाणिकपणे ‘नक्कल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतीशी आमचे आजचे भांडण नाही. तिच्या लेबलवर आणि आतील बोर्डावर न पुसता येणारी खूण मात्र असलीच पाहिजे. ऑनलाइन बाजारांनी बोर्डाचे स्पष्ट छायाचित्र नसलेली महागडी कार्ट्रिज विक्रीला लावूच देऊ नये. कंपन्यांनी आपले जुने खेळ पुन्हा विक्रीस आणावेत. आणि संग्राहकांनो, फसून हाती आलेली नक्कल मुकाट्याने पुढच्याच्या गळ्यात मारून नुकसान वसूल करण्याची जी रीत तुमच्यात रुजली आहे, ती सोडा. पैसे परत मागा, विक्रेत्याविरुद्ध तक्रार नोंदवा, आणि घरात पडलेल्या प्रत्येक खोट्या कार्ट्रिजवर आजच्या आज ठळक अक्षरांत लिहा: बनावट.