वाक्य पुरे झाले का?

१ ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी, जवळ आली की रत्नागिरीत भाषणांची घोकंपट्टी सुरू होते. लोकमान्यांचा जन्म याच नगरीतला. तेव्हा हा उत्साह स्वाभाविकच. परंतु एका स्पर्धेतील प्रसंग मनातून जात नाही. एक चुणचुणीत मुलगा उभा राहिला, तिसऱ्या वाक्यातील एक शब्द विसरला आणि तेथेच अडला. वाक्य त्याचे नव्हतेच. मग तो ते पुढे नेणार कसे? समोर बसलेल्या आजीचे ओठ मात्र हलत होते. ऐकून ऐकून तिलाही भाषण पाठ झाले होते.

आपल्या पुष्कळ घरांत गुजराती वा मारवाडी, शाळेत इंग्रजी आणि पेढीवर मराठी चालते. अशा मुलाला उसनी वाक्ये देण्यापेक्षा वाक्य रचायला शिकवणे हिताचे.

ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य. त्याच्याविषयी जे सांगायचे ते विधेय. व्याकरण सविस्तर पाहू इच्छिणाऱ्यांसाठी मालगुंडच्या कवी केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांचा १९११ सालचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ आहेच. मुलांना खातेवहीचा दाखला पुरतो. नाव आहे पण रक्कम नाही, किंवा रक्कम आहे पण नाव नाही, अशी नोंद आपण ठेवू का? वाक्याचेही तसेच.

माहितीपर भाषणासाठी मुलांना थिबा राजवाड्यावर न्यावे. कोण, कोठून, केव्हा, का आणि पुढे काय, हे पाच प्रश्न कागदावर लिहून द्यावेत. मुले प्रथम सारे ‘आणि’ने जोडतात: “थिबा राजा ब्रह्मदेशाचा आणि इंग्रजांनी जिंकले आणि इकडे आणून राजवाडा.” आपण फक्त विचारावे, “कोणी? काय केले?” मग वाक्ये वेगळी होतात: थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा होता. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी त्याचे राज्य जिंकले. १८८६ मध्ये त्यांनी त्याला रत्नागिरीत आणले. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधला. १९१६ मध्ये त्याचे येथेच निधन झाले.

याच वेळी क्रियापदाचे रूपही दाखवावे: राजवाडा बांधला, समाधी बांधली, घर बांधले. कर्माचे लिंग बदलले की क्रियापद बदलते.

आता एखादा शब्द निसटला तरी मूल थांबत नाही. काय सांगायचे ते त्याला ठाऊक असते. शिवाय तीस वर्षांचा हिशेब मांडताच ते आपणहून विचारते, “राजाला घरी परत का जाऊ दिले नाही?” त्या प्रश्नापासून त्याचे स्वतःचे भाषण सुरू होते.

म्हणून पालकांना विनंती: यंदा भाषण लिहून देऊ नका. दुकान बंद करून घरी आल्यावर दहा मिनिटे समोर बसा, ऐका आणि एवढेच विचारा, “वाक्य पुरे झाले का?”