उन्हाळ्यांतील तान्ह्या बाळाचा ताप

वैशाखांत बीड जिल्ह्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. अशा दिवसांत घरीं पाळणा हलला, तर आनंदाबरोबर काळजीही वाढते. बाळंतिणीस वारा लागूं नये म्हणून दारेंखिडक्या लावून घेतात, खाटेखालीं शेगडी ठेवतात आणि बाळास कुंची-दुपट्यांत घट्ट गुंडाळतात. बंद खोलींतील कोळशाचा वायु केव्हांही घातकच. उन्हाळ्यांत तर ही ऊबही बाळास बाधते.

जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशीं असें बाळ एकाएकीं तापतें. आईस दूध अद्याप पुरतें आलेलें नसतें आणि उष्म्यानें बाळाच्या अंगांतील पाणी मात्र आटत असतें. तोंड कोरडें पडतें, लघवी कमी होते, टाळू खोल जाते. आरंभीं वजन थोडें घटणें स्वाभाविक आहे. दशांशाहून अधिक घट हा धोक्याचा इशारा होय. किरकिरणारें बाळ पुढें मलूल होतें. ‘शांत निजलें’ म्हणून घरचीं माणसें निश्चिंत होतात. पण ती झोप नसून ग्लानि असते.

यासाठीं शेगडी काढावी, हवा खेळती ठेवावी, बाळास एकच सुती अंगडें घालावें. चीक टाकूं नये. दिवसरात्र दर दोन तासांनीं अंगावर पाजावें. मध, घुटी, साखरपाणी किंवा साधें पाणीही देऊं नये. त्यानें पोट भरतें, बाळ दूध कमी ओढतें आणि म्हणून दूधही कमी येतें. पाणी पाहिजे तें आईला. बाळंतिणीचें पाणी तोडण्याची चाल सर्वस्वीं सोडावी.

मात्र हा ताप उष्म्याचा कीं जंतुदोषाचा, हें घरीं ओळखतां येत नाहीं. काखेंत ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइटहून अधिक ताप भरला, किंवा बाळ दूध ओढीनासें झालें, तर सकाळची वाट पाहूं नये. बीडचें जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, जें जवळ असेल तें त्वरित गांठावें. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बाळ ओढत असेल, तर वाटेंतही पाजत राहावें.

बाळंतिणीच्या खोलींत आजीच्या शब्दाला मान असतो, हें आम्ही जाणतों. नवी सून खिडकी उघडा असें सहसा म्हणत नाहीं. म्हणून वडील बायकांनींच ती आपल्या हातानें उघडावी, एवढीच आमची विनंति आहे.