रक्त घटले, हिंसा नाही

भयकथेवर बेतलेल्या एखाद्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग आला किंवा त्यावर मालिका निघाली, की जुन्या खेळाडूंची तक्रार ठरलेली असते: मूळची धार गेली, सगळे मवाळ झाले. ‘द लास्ट ऑफ अस’बद्दल ती हिरिरीने केली गेली. नॉटी डॉगच्या २०१३ सालच्या या गेममध्ये खेळाडू जोएल होऊन टप्प्याटप्प्याला माणसे मारत पुढे सरकतो. एचबीओच्या २०२३ सालच्या मालिकेत अशा चकमकी मोजक्याच आहेत.

मोजणी बरोबर आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

गेममध्ये मारणे हे खेळाडूचे काम असते. गोळ्या जपून वापरायच्या, बाटली फेकून शत्रूचे लक्ष वळवायचे, मागून जाऊन गळा आवळायचा. या धडपडीतूनच तो जोएलशी एकरूप होतो. प्रेक्षकाच्या हाती कंट्रोलर नसतो. त्याच चकमकी त्याने नुसत्या बघत बसायच्या म्हटले, तर थोड्याच वेळात त्याला मरणाचे काही वाटेनासे होईल. गेमचे आणि मालिकेचेही एक कर्ते नील ड्रकमन यांनी मुलाखतींत याच अर्थाचे स्पष्टीकरण दिले आहे. म्हणूनच पहिल्या पर्वाच्या अखेरीस जोएल एली या मुलीला वाचवण्यासाठी इस्पितळात एकामागून एक माणसे टिपतो, तेव्हा गोळ्यांचे आवाज दबलेले असतात आणि त्यांच्यावर शोकसंगीत चढते. तिथे थरार उरत नाही, उरते ती कत्तल.

पुढचे भाग सौम्य होतात, हेही पटणारे नाही. २०२०च्या ‘पार्ट टू’मध्ये शत्रूंना नावे आहेत. एकाचे प्रेत सापडले की सोबती त्याच्या नावाने हाक मारतात. कुत्रा मेला की त्याचा मालक कळवळतो. पहिल्या भागापेक्षा हा भाग कितीतरी अधिक क्रूर आहे. उलट २०१३च्या ‘डेड स्पेस ३’ या दुसऱ्या भयगेममध्ये रक्तामांसाची कमतरता नव्हती, पण दोघांनी मिळून खेळण्याची सोय आली, बंदूकधारी माणसे आली आणि भीती पातळ झाली.

तक्रारदारांचा एक मुद्दा मान्य करायलाच हवा. ‘पार्ट टू’ या गेममध्ये जोएलच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेली एली खुनी अ‍ॅबीची साथीदार नोरा हिला मारते, तेव्हा कॅमेरा एलीच्या चेहऱ्यावर असतो आणि घाव घालण्यासाठी बटण खेळाडूलाच दाबावे लागते. हा सहभाग मालिकेला देता येत नाही.

पण मालिका काय देऊ शकते, हे अ‍ॅबीच्याच गटातल्या मेलच्या मृत्यूत दिसते. गेममध्ये झटापटीत एली तिला चाकूने मारते आणि ती गरोदर असल्याचे नंतर उघड होते. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात एलीने मेलचा सोबती ओवेन याच्यावर झाडलेली गोळी मेलच्या मानेला लागते. हल्ला नाही, झटापट नाही. रक्त वाहत असताना मेल पोट कापून बाळ बाहेर काढण्याची विनवणी करते, कसे कापायचे ते सांगू लागते. एलीचा हात चालत नाही. शुद्ध हरपत असताना मेल बाळाचीच चौकशी करत राहते. मारण्याची कृती अपघातावर आली, आणि तिचा परिणाम मात्र गेमपेक्षा असह्य झाला. याला मवाळपणा म्हणणारे फक्त वार मोजत आहेत.

दुसरे पर्व अ‍ॅबीच्या बाजूवर येऊन थांबले आहे. ओवेन आणि मेल तिची माणसे होती. पुढच्या पर्वाची परीक्षा घ्यायची तर ती इथे घ्यावी: या दोन मृत्यूंचा भार अ‍ॅबीच्या वागण्याबोलण्यात उतरतो की नाही.