घरी प्रिंटर की चौकातले झेरॉक्स?

दहावी-बारावीचे निकाल लागले की हिंगोलीत तहसीलच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांपुढे गर्दी होते. कुणाला उत्पन्नाचा दाखला काढायचाय, कुणाला नॉन-क्रिमिलेअर, कुणाला पीककर्जासाठी सातबारा. सगळ्यांची घाई एकाच वेळी. उन्हात ताटकळलेल्या माणसाच्या मनात ‘घरीच एक प्रिंटर घेऊन टाकू’ असे आले तर नवल नाही. शाईच्या टाकीचा वाय-फायवाला प्रिंटर बारा हजारांच्या आसपास मिळतो, मोबाइलवरून छापतो, म्हटल्यावर मोह आणखी वाढतो.

आधी पैशाचे बघू. दुकानात एका काळ्या पानाला ५ रुपये धरले, तर १२,००० रुपये फिटायला २,४०० पाने छापावी लागतात; शाई आणि कागद वेगळेच. महिन्याला २० पाने छापणाऱ्या घराला त्यासाठी दहा वर्षे लागतील, आणि तोवर ते यंत्र जिवंत असेल याची हमी दुकानदारही देत नाही. दोन पोरांचे स्वाध्याय, प्रकल्प, सराव प्रश्नपत्रिका मिळून महिन्याला ८० पाने होत असतील, तर तोच खर्च अडीच वर्षांत निघतो.

काळ्या शाईच्या एका बाटलीत चार-साडेचार हजार पाने निघतात, असे कंपन्या सांगतात. ते खरे ठरते नेमाने छापणाऱ्याकडे. मराठवाड्यातल्या मे महिन्यात यंत्र महिनाभर पडून राहिले की हेडमधली शाई वाळते, मग ते साफ करण्यातच बाटली उतरते. त्यात आपल्याकडे भिंतीवरचे बटण खट्‌कन बंद करायची सवय. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, तर हेड जागेवर जाऊन झाकले जाते; मधूनच लाइट गेली तर ते उघडेच राहते. क्वचितच छापणाऱ्या घराने टोनरवाला लेझर घ्यावा. त्यातली पूड वाळायचा प्रश्न नसतो, मात्र रंगीत छपाईची हौस विसरावी लागते.

आता वायरलेसची भानगड. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्हींवर चालतात, पण बरेचसे घरगुती प्रिंटर फक्त २.४ ओळखतात. मोबाइल ५ वर जोडलेला असतो, प्रिंटरला ते नेटवर्क दिसतच नाही, आणि माणूस ‘पीस खराब निघाला’ म्हणत खोके उचलून दुकान गाठतो. दुसरी कटकट लाइटची. ती जाऊन आली की राउटर कधीकधी प्रिंटरला नवा आयपी पत्ता देतो, लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो आणि ‘ऑफलाइन’ म्हणतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता एकदा राखून ठेवला की हे थांबते. फायबर जोडायला पोरगा घरी आलेला असतानाच त्याच्याकडून एवढे करून घ्यावे. नंतर फोन करून तो लवकर येत नसतो.

मग केबलच का लावू नये? लॅपटॉप असलेल्यांनी जरूर लावावी, तिच्यासारखे बिनतक्रार काही नाही. पण सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या कित्येक घरांत संगणक म्हणजे हातातला मोबाइलच, आणि तिथे वाय-फाय ही चैन उरत नाही. वाय-फाय म्हणजे इंटरनेट ही समजूत मात्र काढून टाकली पाहिजे. ‘वाय-फाय डायरेक्ट’ची सोय असलेल्या प्रिंटरला मोबाइल थेट जोडता येतो; राउटर नको, रिचार्ज संपलेला असला तरी पान निघते. सुरुवातीला कंपनीचे ॲप उतरवण्यापुरते नेट लागेल. आमच्या मते गावाकडच्या घराने प्रिंटर घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

झेरॉक्सवाल्याची बाजूही दुबळी नाही. ‘दादा, फोटो ५० केबीच्या आत पाहिजे’, ‘ताई, स्वयंघोषणापत्र राहिलं’ हे तो सांगतो. अर्ज परत आला तर घरचा प्रिंटर काही बोलणार नाही. शिवाय दाखल्यासाठी बरेच जण सेवा केंद्रात जातातच, तर जाता जाता दोन प्रिंट काढण्याने काय बिघडते?

बिघडते ते एका ठिकाणी. ‘व्हॉट्सअ‍ॅपला टाका’ म्हटले की आपण आधार, पॅन, बँकेचे पासबुक बिनदिक्कत टाकतो. पान हातात पडते आणि फाइल त्याच्या फोनमध्ये तशीच राहते. दुकानदार सज्जन असेलही. त्याच्या काउंटरवरच्या संगणकाला दिवसभरात किती हात लागतात, हे त्यालाही सांगता येणार नाही. पाच रुपयांच्या हिशेबात ही गोष्ट बसत नाही, पण आमच्या लेखी घरच्या प्रिंटरच्या बाजूने याहून वजनदार मुद्दा दुसरा नाही. गावाहून तालुक्याला येणाऱ्यांचा आणखी एक. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो; तो छापायला मात्र एसटीचे तिकीट काढावे लागते.

म्हणून शिकती मुले आणि शेतीचे कागद दोन्ही असलेल्या घराने प्रिंटर घ्यावा, वाय-फाय डायरेक्टचा घ्यावा आणि आठवड्याला एक रंगीत पान तरी काढावे. भाऊबंद शेजारी राहत असतील तर तिघांत एक पुरे. बाकीच्यांनी खुशाल चौकात जावे. जिथे चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे, आणि प्रिंट हातात आली की दुकानदाराला म्हणावे, ‘दादा, आता ती फाइल माझ्यासमोर डिलीट करा.’