भूत दाखवा, पण माणसं तोडू नका

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय. कुणा एकाशी नाही, एका समजुतीशी. ती समजूत अशी, की "खेड्यातल्या लोकांना हादरा दिल्याशिवाय काही कळत नाही." शहरात राहणारे आमचे काही नातलग हे वाक्य फार ठासून बोलतात (नावं घेत नाही, दिवाळीला परत भेटायचंय). आणि गावोगावी चमत्कारांचे प्रयोग करून दाखवणारे काही उत्साही मित्रही तेच म्हणतात. लिंबू कापून रक्त काढायचं, नारळातून काळी चिंधी काढायची, पाणी ओतून दिवा पेटवायचा, आणि समोरच्यांची बोबडी वळली की माईकवरून दणका द्यायचा, "बघा, किती सहज मूर्ख बनता तुम्ही!"

माझं म्हणणं साधं आहे. अंगावर काटा आणणारा खेळ जरूर करा. पण खेळ संपला तेव्हा प्रेक्षक तुमच्या बाजूला नसेल, तर सगळं वाया गेलं. नुसतं वायाच गेलं नाही, तर त्या शेजारच्या गावच्या बाबाचं गिऱ्हाईक तुम्ही वाढवून दिलंत.

आधी लिंबाचं सांगतो, कारण सगळा प्रकार त्या एका लिंबात आहे. सुरीच्या पात्याला जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळू द्यायचा. मग त्या सुरीने लिंबू कापलं की आंबट रसाने तो रंग लालभडक होतो आणि लिंबातून रक्त ठिबकल्यासारखं दिसतं. काही जण जास्वंदीऐवजी प्रयोगशाळेतलं मिथिल ऑरेंज वापरतात. हळदीत चुना पडला की कुंकवासारखा लाल रंग येतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजीला माहीत असतं. म्हणजे रसायनशास्त्र स्वयंपाकघरातच आहे. लाल रंगाची भीती वाटत नाही हो. भीती वाटते ती लिंबू कापणारा त्या वेळी जे बोलतो त्याची. "तुझ्या घरावर करणी आहे." रंग धुतला की जातो, पण हे वाक्य वर्षानुवर्षं जात नाही.

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यालाही नेमकं हेच कळलेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत चमत्काराबद्दल जे लिहिलंय ते नीट वाचा. चमत्कार दाखवून पैसे कमावणं, आणि चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं, ठकवणं, त्यांच्यावर दहशत बसवणं, हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. आता यात हातचलाखी कुठे आहे? हातचलाखीला कुणी हात लावलेला नाही. पुण्याचे जादूगार रघुवीर म्हणजे रघुनाथ भोपळे, त्यांच्या पुढच्या पिढ्या, हे सगळे लोकांना फसवतच आले की! पण तिकीट काढून आलेल्या माणसाला ठाऊक असतं, की आज मला फसवणार आहेत आणि मी हसतखेळत घरी जाणार आहे. हा एक करार आहे. बाबा तो करार मोडतो. तो फसवतो आणि फसवत नाही असं सांगतो. शिवाय तुमची भीती तुमच्याबरोबर घरी पाठवून देतो.

पण करार मोडणारा बाबा एकटाच नाही, आणि माझं भांडण इथे सुरू होतं.

थोरल्या पी. सी. सरकारांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. ९ एप्रिल १९५६, बीबीसीचा 'पॅनोरमा' हा कार्यक्रम. सरकारांनी टेबलावर झोपलेल्या मुलीला गरगरत्या करवतीने मधोमध कापलं. मग तिला हाक मारली, हात चोळले, ती काही हलेना. त्यांनी मान हलवली, तिच्या चेहऱ्यावर कापड टाकलं, आणि निवेदकाने कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. बीबीसीचे फोन खणखणायला लागले, मुलगी मेली असंच लोकांना वाटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळे, आणि त्यांच्या खेळाची तिकिटं धडाधड खपली. जाहिरात म्हणून याला तोड नाही, मान्य. पण लंडनमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर येतो. मुलगी जिवंत आहे हे घराघरात कळतं. आपल्या तालुक्यातल्या वाडीवर संध्याकाळी भीती सोडून आलात, तर सकाळी तिथे काय येतं? फक्त कुजबुज येते.

दुसरी गोष्ट त्याहून बोचरी. फ्रेंच जादूगार रॉबेर-हुदँ याला १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने अल्जीरियाला पाठवलं. तिथल्या फकिरांचा, मराबूंचा, लोकांवर फार पगडा होता, तो मोडायचा होता. याने एक हलकी पेटी नेली. खाली विद्युतचुंबक. धिप्पाड माणसाला बोलावलं, त्याने पेटी सहज उचलली. मग "तुझी ताकद मी काढून घेतली" म्हणून चुंबक सुरू केला, पेटी जागची हलेना. वर विजेचा झटकाही दिला, तो गडी किंचाळत पळाला. नंतर दुभाष्यांकडून लोकांना सांगवलं की ही सगळी युक्ती होती. जादूच्या इतिहासात हा प्रसंग मोठ्या अभिमानाने सांगतात. मला मात्र त्यात अभिमान वाटण्याजोगं काही दिसत नाही. सरकारला लोक शहाणे व्हायला नको होते. मराबूंची भीती जाऊन तिथे फ्रेंचांची यावी, एवढंच हवं होतं. भीतीचा मालक बदलला, भीती तशीच राहिली.

आपल्याकडचा जो कार्यकर्ता स्टेजवर उभा राहून लोकांना आधी घाबरवतो आणि मग हिणवतो, तो नकळत तेच करतो. तो फक्त जास्त हुशार बाबा ठरतो.

आमच्या भागातल्या एका शाळेत असा कार्यक्रम मी पाहिलाय. प्रयोग झकास झाले. पोट्टे खूश. शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली आणि तिने विचारलं, "बाप्पा, माह्या उंबऱ्यावर निघालं त्या लिंबाचं काय मंग?" स्टेजवरचे गृहस्थ हसले. म्हणाले, "आजी, तुम्ही अजून त्याच जमान्यात का?" सगळा हॉल हसला. म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बसली. पुन्हा काही बोलली नाही.

मंडळी, त्या संध्याकाळचा खरा प्रश्न तोच होता! बाकी सगळा दिखाऊ माल. उंबऱ्यावर लिंबू निघालं म्हणजे ते कुणीतरी ठेवलं, आणि ठेवणारा कोण याचा विचार तिच्या डोक्यात आधीच सुरू झालेला असणार. अशा संशयाचं बोट बहुतेक वेळा शेजारणीकडे, जावेकडे, नाहीतर एखाद्या एकट्या विधवेकडे जातं. त्यातून अबोला होतो, मारहाण होते, गाव सोडायची पाळी येते. तिला तिथे दोन मिनिटं दिली असती, "आई, या इकडे, ही सुरी धरा, हे लिंबू तुम्हीच कापा" म्हटलं असतं, तर तिच्या हातानेच रक्त निघालं असतं आणि तिच्या हातानेच भीती गेली असती. आणि शेजारची कुणीतरी बाई कायमची वाचली असती. तिला हसून काय मिळालं? एक टाळी.

बुलढाणा जिल्ह्यात राहून सैलानीचा विषय टाळता येत नाही. पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा. होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची मोठी होळी पेटते, तिच्यात अंगावरून उतरवलेले कपडे, लिंबं, बाहुल्या टाकतात. हिंदू-मुसलमान दोघंही येतात, कुठून कुठून येतात. 'बाहेरची बाधा' झाली म्हणून आणलेली माणसं तिथे घुमताना, किंचाळताना दिसतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण जरा त्या किंचाळणाऱ्या पोरीच्या बाजूला बसलेल्या तिच्या आईकडे बघा. ती करमणुकीला आलेली नाही. घरातलं जे काही विकण्याजोगं होतं ते बहुधा विकून आली आहे. तिची पोरगी आजारी आहे, आणि मनाच्या आजाराचा डॉक्टर तिच्या गावापासून किती लांब आहे हे तिला विचारा. लोक दर्ग्यावर जातात कारण तिथे त्यांना कुणी परत पाठवत नाही, आणि कुणी हसत नाही. हे दुसरं कारण लक्षात ठेवा.

म्हणून तिथे चालतं ते सगळं ठीक, असं मी म्हणत नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली आणि साखळदंडाने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. पळता आलं नाही म्हणून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. साखळी तुटली पाहिजे, औषध मिळालं पाहिजे, यात तडजोड नाही. पण त्या आईला मूर्ख म्हणून तुम्ही तिला दवाखान्यापर्यंत कसं नेणार? ती तुमचा हात धरून आली पाहिजे ना?

आणि खेडूत मूर्ख असतो हे मुळात खोटं आहे. २०२५ च्या जानेवारीत आमच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस पुंजक्याने गळायला लागले, चार दिवसांत टक्कल. यापेक्षा भुताटकीचा प्रकार तो काय असणार? एखाद्या मांत्रिकाला सोन्याची संधी. पण लोकांनी पाण्याचे, केसांचे, त्वचेचे नमुने दिले. आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. "हे असं काहून झालं?" हा प्रश्न लोकांकडे असतोच. त्यांना उत्तर देणारा माणूस हवा असतो, पाणउतारा करणारा नको.

मग प्रयोग कसा करावा? जे चांगला करतात त्यांना बघून मला कळलं ते असं. सुरुवातीलाच सांगावं की मी हातचलाखी करणार आहे. त्याने मजा कमी होत नाही, उलट लोक डोळे ताणून बघतात. स्टेजवर ज्याला बोलावलं तो हिरो झाला पाहिजे, विदूषक नाही. कुणाच्या देवाचं, पिराचं नाव घेऊन टिंगल करू नये. समोर कुणाच्या अंगात येत असेल तर तिच्यावर प्रयोग करू नये, तिच्याशी नंतर शांतपणे बोलावं. रहस्य त्याच बैठकीत उलगडावं, घाबरलेल्या लेकराला तसंच घरी पाठवू नये. प्रयोगाला जेवढा वेळ, तेवढाच प्रश्नांना द्यावा. आणि जाताना जवळच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराचा डॉक्टर कोणत्या वारी असतो, ते फळ्यावर लिहून जावं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला जादूगारांचा, की रहस्य सांगितलं तर कला मरते. पण रक्ताचं लिंबू ही जादूगारांची पुंजी कधी होती? ती बाबांची पुंजी. मुलगी कापायची युक्ती खुशाल झाकून ठेवा, तिच्यामुळे कुणी शेजारणीला दगड मारत नाही.

दुसरा आक्षेप कडक विचारांच्या मित्रांचा, की ही सगळी गुळमुळीत भूमिका, अंधश्रद्धेवर घाव घालायला हवा. अहो, घाव घालायलाच हवा. पण कुणावर? १९८२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती निघाली, १९८९ पासून दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. त्यांची भूमिका उघड होती, आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. हे बोलणारा माणूस आवाज न चढवता बोलायचा, आणि तरी त्याला गोळ्या घातल्या गेल्या. गुळमुळीत माणसाला कुणी गोळ्या घालत नाही. लोक त्याचं ऐकत होते, हीच त्यांची अडचण होती.

तेव्हा मित्रहो, लिंबू कापा, नारळ फोडा, अंधार करा, लोकांना दचकवा. दचकण्यातही एक मजा आहे, ती लोकांकडून काढून घेऊ नका. फक्त दिवे लागतील तेव्हा मागच्या रांगेतल्या आजीला उठून प्रश्न विचारावासा वाटला पाहिजे. तेवढं साधत नसेल तर सुरी आणि लिंबू घरीच ठेवा, निदान सरबत तरी होईल.