गेलेलं बोट मोजता, उरलेला हात कधी मोजणार?

आकुर्डी, भोसरी, चाकण या पट्ट्यात प्रेसमध्ये बोट गेलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यातही पॉवर प्रेसचंच नाव वर आहे. अपघात थांबले पाहिजेत, हे तर आहेच. पण टाके निघाल्यावर त्या कामगाराचं काय होतं, यावर कुणी बोलत नाही.

कायद्यात तक्ता आहे. 1923 च्या भरपाई कायद्यात आणि 1948 च्या ईएसआय कायद्यातही हिशेब तोच होता. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के कमी, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. पैसे ठरवायला असं काही माप लागतंच, मान्य. पण 14 टक्क्यांवरून हे कळत नाही की हा माणूस उद्या स्क्रू उचलू शकेल का, आणि दुपारनंतरही उचलू शकेल का.

हे मोजता येतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टचं हे रोजचं काम आहे. पर्ड्यू पेगबोर्ड नावाची फळी असते, 30 सेकंदांत भोकांत किती पिना बसवल्या ते मोजायचं. 1948 सालची ही चाचणी मुळात कारखान्यासाठी कामगार निवडायलाच बनवली होती. मुठीची ताकद डायनामोमीटरवर किलोत कळते. मग दमाची चाचणी: तेच काम बराच वेळ करायला लावून वेग कधी पडतो, दुखणं कधी सुरू होतं, नाडी किती चढते ते बघायचं. मूठ एकदा आवळणं वेगळं आणि आठ तासांत हजारो वेळा आवळणं वेगळं.

या विद्येची देशातली पहिली शाळा आपल्याच मुंबईत, केईएममध्ये, 1950 साली कमला निंबकरांनी काढली. तरी आपला कामगार 'फिट' लिहिलेली एक चिठ्ठी घेऊन पुन्हा त्याच मशीनवर उभा राहतो. हात मंदावलेला, टार्गेट तेवढंच. दुसरा अपघात असाच होतो.

काही जण म्हणतील, असा रिपोर्ट दिला तर कंपनी त्याचाच आधार घेऊन माणूस काढेल. भीती खरी आहे. म्हणून रिपोर्टची पहिली प्रत कामगाराच्या हातात पडली पाहिजे, आणि त्याचा उपयोग झेपेल असं काम देण्यासाठीच व्हावा, असा नियम हवा.

मागणी साधी आहे. चिंचवडचं ईएसआय रुग्णालय असो की पिंपरीचं वायसीएम, हाताला मार लागलेल्या प्रत्येक कामगाराची कामावर परतण्याआधी ही चाचणी व्हावी. युनियनवाल्यांनी आणि नगरसेवकांनी हे लावून धरावं. आणि तुमच्या ओळखीत कुणी सध्या रजेवर असेल तर त्याला सांगा, 'फिट'ची चिठ्ठी घेण्याआधी डॉक्टरांना विचार: साहेब, हाताची चाचणी कधी करणार?