बंदीचा भाव



या वेळच्या जिल्हा बैठकीपुढे दोन ठराव आले आहेत आणि दोन्ही धामणगाव रेल्वेकडचे आहेत. पहिला तरुण मंडळींचा. कापसाला भाव नाही, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याला गांजा लावण्याची परवानगी सरकारने द्यावी, असे त्यात म्हटले आहे. दुसरा बायांचा. तालुक्यातली सगळी दारूची दुकाने बंद करून तालुका कोरडा करावा, असा तो आहे. एक ठराव बंदी उठवा म्हणतो, दुसरा बंदी घाला म्हणतो. काही जाणत्या कार्यकर्त्यांनी पहिला ठराव थट्टेवारी नेला आणि दुसऱ्याला न वाचताच माना डोलावल्या. आम्हाला दोन्ही गोष्टी पटलेल्या नाहीत.

गांजाचा ठराव थट्टेचा नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावू द्या, असा अर्जच जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, हे त्याचे कारण होते. प्रशासनाने त्याला प्रसिद्धीचा स्टंट ठरवले. परवानगी मिळणार नाही हे त्या माणसाला ठाऊक असणारच. पण कागदावर मांडलेला त्याचा हिशोब खोटा होता, असे कोणी दाखवले नाही. वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, तुरीत किंवा पऱ्हाटीत गांजाची झाडे सापडली, पोलिसांनी उपटली, शेतकऱ्याला नेले. झाड तुरीच्या उंचीत लपते म्हणून ते तिथे असते. कोणी चैनीखातर हा धोका पत्करत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण चावडीवर त्याबद्दल भलत्याच गोष्टी सांगितल्या जातात. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने गांजाची लागवड गुन्हा ठरवली. त्याआधी या देशात गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत असे. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये खास आयोग नेमून देशभर चौकशी केली, तेव्हा संपूर्ण बंदी नको, कर लावा आणि नियंत्रण ठेवा, असाच निष्कर्ष निघाला होता. आजच्या कायद्यात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. झाडे दोन असोत की दोनशे, कलम तेच. 'एक किलोच्या आत असला तर काही होत नाही' असे सांगणारे अर्धे खोटे सांगतात. ती अल्प मात्रेची सवलत तयार गांजा जवळ बाळगण्यापुरती आहे आणि तिथेही शिक्षा कमी होते, माफ होत नाही. शिवाय ज्याच्या नावाने जमीन आहे त्याने आपल्या शेतात असे झाड दिसताच कळवले पाहिजे, असेही कायद्यात आहे. सरपंचावरही तेच बंधन आहे. तेव्हा शेत ठोक्याने दिले असेल, तर धुऱ्यावर काय उगवले आहे ते स्वतः जाऊन पाहत चला.

परंतु ठरावाची खरी परीक्षा कायद्याने होत नाही, भावाने होते. गांजाला आज जो भाव आहे तो गांजाचा नाही, बंदीचा आहे. त्यात तुरुंगाचा धोका धरला आहे, नाक्यावरचा हप्ता धरला आहे, रात्रीच्या गाडीचे भाडे धरले आहे. त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याला मिळतच नाही, पकडला मात्र तोच जातो. उद्या बंदी उठली तर हा धोक्याचा पैसा भावातून गळून पडेल आणि उरेल तो उत्पादन खर्चाचा भाव. गांजा हे द्राक्षासारखे नाजूक पीक नाही. हिमालयाच्या पायथ्याशी ते तणासारखे उगवते. नर झाडे वेळेवर ओळखून उपटण्याचे कसब सोडले तर त्यात अवघड काही नाही. जे पीक सगळ्यांना घेता येते आणि ज्याची खरेदी थोड्यांच्या हातात असते, त्याचे काय होते हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात गांजा खुला झाला, सगळ्यांनी लावला, काही वर्षांतच माल इतका झाला की ठोक भाव कोसळले आणि लहान उत्पादक बुडाले. आपल्याकडे कांद्याचे होते तसेच. उत्तराखंडाने २०१८ पासून नशा नसलेल्या भांगेच्या जातीला, म्हणजे धाग्यासाठी आणि बियांसाठी, परवाना द्यायला सुरुवात केली. त्या पिकाकडे जरूर पाहावे, पण तिथेही परवाना आहे, तपासणी आहे आणि नशेचा अंश मर्यादेबाहेर गेला तर पीक नष्ट करणे आहे. बियाणे आणि हवामान यांच्या फरकाने तो अंश वरखाली होतो. कोरडवाहू शेतकऱ्याने पावसाचा जुगार खेळायचा आणि वर प्रयोगशाळेचाही, असे ते होईल.

सरकारच्या परवान्याने नशेचे पीक घेणारे शेतकरी आपल्या शेजारीच आहेत. मध्य प्रदेशात नीमच, मंदसौर, राजस्थानात चित्तौडगड, झालावाड या भागांत अफूची परवानगीची शेती आहे. पट्टा सरकार ठरवते, क्षेत्र गुंठ्यांनी मोजून देते, उतारा किती पाहिजे तेही सरकारच ठरवते. उतारा कमी पडला तर पुढच्या वर्षीचा परवाना धोक्यात. सगळा माल सरकारलाच घालायचा, सरकार सांगेल त्या भावाने. सरकारी भाव आणि चोरबाजारातला भाव यांत कितीतरी पटींचे अंतर असते आणि त्या अंतरात तस्कर उभा राहतो. हे वाचताना कोणाला काही आठवत असेल तर ते बरोबरच आहे. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे कापूस एकाधिकार खरेदीत आपण हेच भोगले. आपला कापूस आपल्या बंडीत भरून मध्य प्रदेशाच्या हद्दीत नेला तर आपण तस्कर. अफूवाल्याला निदान नशा विकल्याचा ठपका तरी आहे, आपण तर अंगावर घालायचे कापड पिकवत होतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, गांजाची परवानगी ही भावाच्या प्रश्नावरची मात्रा म्हणून मागू नये. शेतकऱ्याला काय पिकवावे याचे स्वातंत्र्य असावे, हे तत्त्व आम्ही सोडलेले नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे तणनाशक सहन करणारे कापसाचे बंदी असलेले बियाणे शेतकऱ्यांनी उघडपणे पेरले आणि अंगावर गुन्हे घेतले. त्यामागचे कारण साफ होते. बंदीने ते बियाणे थांबले नव्हते, फक्त त्याचे बिल थांबले होते. पाकिटावर नाव नाही, लॉट नंबर नाही, उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करायची? बंदी आली की माल जात नाही, मालाची जबाबदारी घेणारा जातो. हे बियाण्याला जितके लागू तितकेच बाटलीलाही. फरक एवढाच की कापसाचे बियाणे खोटे निघाले तर हंगाम जातो, दारू खोटी निघाली तर माणूस जातो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराच्या वर माणसे गेली, बहुतेक हातावर पोट असलेली. तिथे दारूबंदी नव्हती, हे मात्र विसरू नका. परवान्याची दारू कराने महाग झाली की गरीब माणूस हातभट्टीकडेच वळतो. बंदी उठवली म्हणजे सगळे निर्मळ होते, असे सांगणारेही म्हणूनच अर्धेच सांगतात.

आता बायांचा ठराव. धामणगावच्या मंडळींना दारूबंदीचा अभ्यास करायला पुस्तक नको, वर्धा नदी ओलांडली की पुरे. पुलगावपासून पुढे सेवाग्राम-पवनारचा वर्धा जिल्हा, सत्तरच्या दशकापासून कागदोपत्री कोरडा. अलीकडे आमचा अमरावती जिल्हा ओला. मध्ये एक पूल. अलीकडची बाटली पलीकडे गेली की तिचा भाव चढतो आणि तो चढलेला भाव कोणाकोणात वाटला जातो हे दोन्ही काठांवर सगळ्यांना ठाऊक आहे. चंद्रपूरची गोष्ट अशीच. श्रमिक एल्गारच्या बाया २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या, २०१५ च्या १ एप्रिलला बंदी आली आणि २०२१ मध्ये, अवैध विक्री आणि गुन्हे वाढले असे कारण देऊन, सरकारनेच ती उठवली. चालणाऱ्या बायांचे काही चुकले नव्हते. कायदा ज्यांच्या हाती दिला त्यांनी त्याचे दुकान मांडले. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी टिकून आहे, तीही आयती टिकलेली नाही. गावागावात ती राखण्यासाठी झटणारी माणसे आहेत.

आणि सरकारची नियत पाहा. या राज्यातला दारूचा कायदा १९४९ चा, तो मुळात दारूबंदीचा कायदा आहे. पिणाऱ्याजवळ परवाना हवा, असे आजही त्यात आहे. त्याच कायद्याच्या सावलीत उत्पादन शुल्काचे वर्षाला २०,००० कोटींच्या वर उत्पन्न जमा होते. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देताना आमच्या काळ्या पडलेल्या ज्वारीचे नाव पुढे केले गेले. पावसात भिजलेल्या खरीप ज्वारीला बुरशी लागते, तिला गिऱ्हाईक नसते, हे खरेच होते. पण अनुदान ज्वारीवाल्याला नव्हते, कारखान्याला होते. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवले आणि धान्यापासूनची 'महाराष्ट्र मेड' दारू असा नवा प्रकार काढला. पुन्हा शेतकऱ्याचे नाव निघेल. पण असे कारखाने तांदळाची कणी आणि मका यांवर चालतात. वऱ्हाडातली ज्वारी त्यांच्या दारात कितीदा गेली ते ज्याने त्याने आठवून पाहावे. शेतकरी दारूपायी कर्जात बुडतो, असे भाषणात सांगणारे साहेबही याच तिजोरीवर पगार घेतात.

म्हणून बायांच्या ठरावाला आमचा पाठिंबा आहे, पण तालुकाबंदीच्या रूपात नाही. तालुका कोरडा झाला तर नदीच्या दोन्ही काठांवर एकच धंदा होईल आणि चढा भाव आपल्याच घरातून वसूल होईल. ज्या गावच्या बायांना दुकान नको, त्या गावचे दुकान गेलेच पाहिजे, आणि त्यासाठी नियम आहे. महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावे लागते, उभी बाटली की आडवी बाटली. मेख अशी की आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, पडलेल्या मतांच्या नव्हेत. जी बाई वेचणीला गेली, जी माहेरी आहे, जी मरून गेली तरी यादीत आहे, ती सारी दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडायला पडलेली मते पुरतात, दुकान बंद करायला मात्र यादी पुरी पडावी लागते, हा न्याय कोणता? ही अट बदलून पडलेल्या मतांच्या बहुमताने निर्णय व्हावा, ही मागणी आम्ही ठरावात घालत आहोत.

पिणाऱ्या आणि ओढणाऱ्या पोराबद्दलही एक कलम आहे. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरती नशा बाळगणाऱ्याला तुरुंगातून काढून समितीपुढे आणि दवाखान्यात पाठवायचे ठरवले. विकणाऱ्याला मात्र सोडले नाही. आपल्या कायद्यातही उपचाराला स्वतःहून जाणाऱ्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग करायला तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय लागते. ती ग्रामीण रुग्णालयात व्हावी, अशी मागणी करावी.

बैठकीत दोन्ही ठराव या दुरुस्त्यांसह मांडले जातील. ज्यांना गांजाचा मूळ ठराव मतास टाकायचा असेल त्यांनी तो जरूर टाकावा, आम्ही विरोधात बोलू. बायांनी येताना आपापल्या गावची मतदार यादी आणावी, मयत आणि परगावी गेलेल्यांच्या नावांवर खुणा करून. वेचणी लागण्याआधी मतदान मागायचे असेल तर अर्ज बैठकीतच भरून घ्यावे लागतील.